रेघेची जाडी

विभागीय कार्यालयात मी नकाशे रंगवतो.
म्हणजे आता रंगवत नाही, संगणकात भरतो,
पण शब्द तोच राहिलाय
खणातल्या सुकलेल्या शाईच्या पेनासारखा.

दहा वर्षांचा आराखडा, कक्ष ४११ ते ४३८.
हिरवा म्हणजे हात लावायचा नाही.
पिवळा म्हणजे गावानं वाकून वेचायचं.
तपकिरी म्हणजे
वरच्या झाडाहून खालचा दगड महाग.
रंग वरून ठरून आले.
चौथा मागायला कुणी आलं नाही.

हरकतींना तीस दिवस.
एकोणतिसाव्या दिवशी जीप हेटीटोल्याला गेली.
मला नेलं नकाशा धरायला,
कारण समाजमंदिराच्या भिंतीत खिळा नव्हता.
दोन हात वर करून
शरण आल्यासारखा मी उभा, दीड तास.

काशीराम नान्हे उठले. दोन गोऱ्हे गेलेत त्यांचे.
"हिरव्यात वाघ राहीन, पिवळ्यात मी.
बराबर हाय.
हे रेघ त्याले दाखवली काय?"
सभा हसली. साहेबही हसले.
नान्हे हसले नाहीत.

मग उमेश सिडाम, आयटीआय झालेला,
मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत:
"मोह इकून कोनाची फी भरली आजलोक?
खदान येऊ द्या. मी डंपर चालवतो.
तपकिरी वाढवा थोडी."
कुणी त्याला खाली बसवलं नाही.
त्याची माय जमिनीकडे पाहत होती,
ती नाही म्हणते की हो, कळेना.

सगळ्यात शेवटी फुलकनबाई कुळमेथे.
तेंदूच्या चिकानं काळी पडलेली बोटं.
एक बोट तिनं नकाशावर ठेवलं,
पिवळं संपून तपकिरी सुरू होतं तिथं.
"बाप्पा, हे रेघ केवढी जाड हाय?"

मला हसू आलं. मग हिशेब आला.
अर्धा मिलिमीटर.
पन्नास हजारी नकाशा.
म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर.

"पंचवीस मीटरात माहे सात मोह येतेत," ती म्हणाली,
"अन् झिरा.
थे कोनाचे?"

साहेबांनी वहीत लिहिलं: नोंद घेतली.

दुपारी आम्ही डोंगरीवर गेलो, यंत्र घेऊन.
यंत्रातला ठिपका थरथरत होता,
कधी चार मीटर इकडे, कधी सहा तिकडे,
त्यालाही ठरवता येत नव्हतं.
झिऱ्याच्या चिखलात गुंडीच्या बुडाचा गोल,
त्यावर चितळाचे खूर,
आणि बाजूला उमेशच्या बुटाची नक्षी, ताजी.
तोही इथलंच पाणी पितो, हे मी लिहून घेतलं नाही.
त्यासाठी रकाना नव्हता.

रात्री कार्यालयात रेघ बारीक केली.
एक दशांश. म्हणजे पाच मीटर.
तरी एक मोह आत राहिला.
आणखी बारीक केली, तर पडद्यावर दिसेना,
आणि न दिसणारी हद्द मंजूर होत नाही.
दगडाची किंमत मला माहीत आहे, तक्त्यात आहे.
सात मोहांची मी विचारली होती तिला.
ती म्हणाली, "कोनत्या सालची?"

शेवटी झिऱ्यापाशी रेघ तोडली,
तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी ठेवली.

आठवड्यानं पत्रक परत आलं, लाल शेरा:
रेघ अपूर्ण. दुरुस्त करून सादर करावे.

चैत्र लागलाय. तिकडे मोह गळत असणार,
पहाटे ती टोपली घेऊन
माझ्या रेघेच्या आत वाकलेली असणार.
उमेश अर्ज टाकून आलाय म्हणतात, चंद्रपूरला.
नान्हेंनी गोठ्याला नवा कूड घातलाय.

माझ्या टेबलावर पत्रक.
पेन उघडलं की वाटतं, जोडून टाकावी,
एवढीशी तर फट.
मग हिशेब येतो. पुन्हा मोजतो.
साहेबांचा शिपाई दोनदा येऊन गेला.